पहिला टाळ

खांदेश्वरला आम्ही राहतो त्या सोसायटीत बहुतेकांना मी डीजे वाटतो. गणपतीच्या मीटिंगला हमखास कुणीतरी म्हणतं, "साउंडचं यांच्याकडे द्या, यांचा धंदाच आहे." पूर्वी मी समजावून सांगायचो. गाणं तुकड्यातुकड्यांत रेकॉर्ड होतं. गायकाचा आवाज वेगळा, ढोलकी वेगळी, पेटी वेगळी. ते तुकडे एकमेकांत असे बसवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ही सगळी माणसं एकाच खोलीत, एकाच वेळी गात-वाजवत होती. या बसवण्याला मिक्सिंग म्हणतात. एवढं ऐकून घेतल्यावर समोरचा विचारायचा, "म्हणजे डीजेच ना?" आता मी सरळ हो म्हणतो.

या कामातली पहिली अक्कल अशी की इथं वाढवून काही मिळत नाही, कमी करून मिळतं. गायक ऐकू येत नसेल तर नवशिका गायकाचा आवाज वाढवतो. मग ढोलकी दबते, म्हणून ढोलकी वाढवतो, मग पेटी. शेवटी सगळंच वाढून बसतं आणि गाण्याचा भाजीबाजार होतो. जाणता माणूस आधी बघतो, गायकाच्या वाटेत कोण उभं आहे. पेटीतला काही भाग नेमका गायकाच्या आवाजावर येऊन बसलेला असतो, तेवढाच छाटायचा. छाटलेलं कुणाला कळता कामा नये, पेटीवाल्याला तर मुळीच नाही. वीस वर्षं मी हेच करत आलोय. लोकांना त्यांच्या नकळत थोडं थोडं कापतो, आणि लोक वर माझे आभार मानतात.

दुसरी अक्कल कानाची. मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, म्हणून अगदी हळू आवाजात ऐकायचं. हळू आवाजातही शब्द कळला, ठेका कळला, तर गाणं उभं राहिलं. मग ते मोबाइलवर ऐकायचं, रिक्षातल्या फुटक्या स्पीकरवर ऐकायचं, कारण लोक तिथंच ऐकणार असतात. नावड्याचे एक गृहस्थ माझ्याकडून हळदीची गाणी करून घेतात. त्यांना यातलं काही ऐकायचं नसतं. "बेस वाढव रं, पोरा नाचली पायजेत," एवढीच त्यांची मागणी. मी वाढवतो. त्यांच्या गाण्यांवर माझं घर चालतं, त्यामुळे नाक मुरडायचा मला हक्क नाही. मुरडतो तरी.

स्टुडिओ महाप्याला. स्टुडिओ म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली छापखाना आहे. त्याचं यंत्र सुरू झालं की माझ्या जमिनीतून घरघर येते, म्हणून रेकॉर्डिंग सुट्टीच्या दिवशी आणि मिक्सिंग एरवी. गाळ्यात गायकासाठी एक बंद खोली काढली आहे. तिच्यात एक माणूस बसतो, दोन बसले तर गुदमरतात. ही खोली लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याला ती थोडी आणि मी पुष्कळ जबाबदार आहे.

माझे वडील माथाडी. साताऱ्याकडून आले आणि तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात उभं आयुष्य पोती वाहिली. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत त्यांची खोली आहे, तिथली निम्मी माणसंही त्यांना आण्णाच म्हणतात. वसाहतीचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला समाजमंदिरात भजन. सगळे मार्केटातलेच, आता बहुतेक रिटायर. बुवाही त्यांतलेच, पण गळा खरा आणि वागणं साहेबाचं.

भजनात टाळ सगळ्यांच्याच हातात असतात. पण बुवांच्या उजव्या हाताला बसतो तो पहिला टाळ, आणि तो आण्णांचा. मला आठवतंय तेव्हापासून ती जागा त्यांचीच. अभंग सुरू होतो तेव्हा लय संथ असते. गजर जवळ यायला लागला की ती चढायला लागते. कुणी "वाढवा" म्हणत नाही, कुणी खूण करत नाही. पहिला टाळ जरासा पुढे सरकतो, बाकीचे त्याच्या हाताकडे बघत त्याच्यामागे जातात, मग पखवाज, मग बुवा. लय कुठून वाढली हे कुणाला सांगता येत नाही. मार्केटात आण्णा शंभरांतले एक होते. घरात आईपुढे त्यांचं काही चालत नसे. पण एकादशीला दहा-बारा माणसं त्यांच्या हाताकडे बघून चालायची. त्यांच्याकडे एवढंच होतं, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

त्यांच्या टाळाची एक वाटी आजोबांच्या जोडीतली. तिची जोडीदार गावाहून कांद्याच्या ट्रकातून येताना कुठंतरी पडली, म्हणून दुसरी विकत आणून दोरीला बांधलेली. त्यामुळे दोन वाट्यांचे सूर जुळत नाहीत, थोडे लांब राहतात. ठोका पडला की नाद सरळ जात नाही, घुमत घुमत विरतो. लहानपणी समाजमंदिराच्या सतरंजीवर मी त्या घुमण्यात झोपी जायचो. पुढे शिकून शहाणा झाल्यावर मला कळलं की याला दोष म्हणतात.

मंडळाला बरीच वर्षं झाली होती, म्हणून बुवांनी टूम काढली की आठ अभंग रेकॉर्ड करायचे. पेनड्राइव्ह करायचा, मोबाइलवरून गावाकडे पाठवायचा. "घरचा स्टुडिओ असताना बाहेर कशाला जायाचं?" घरचा म्हणजे माझा. आण्णा चार दिवस वसाहतीत छाती काढून फिरले. आईने मला फोनवर सांगितलं, "तुझ्या मशिनीचं सगळ्यांस्नी सांगत्यात. त्यांना काय त्यातलं कळत न्हाय, पर सांगत्यात."

बारा माणसं माझ्या गाळ्यात मावत नव्हती. म्हणून मी ठरवलं, एकेकाला बोलवायचं. आधी बुवा, मग पेटी, मग पखवाज, मग मागे म्हणणारे, शेवटी टाळ. एकेकटं वाजवलेलं नंतर जुळायचं तर सगळ्यांना एक माप लागतं. ते माप म्हणजे क्लिक, हेडफोनमध्ये घड्याळासारखी वाजत राहणारी टकटक. सगळी सिनेमाची, हळदीची, जाहिरातींची गाणी अशीच होतात. भजनाची लय चढते हे मला माहीत होतं, म्हणून मी सोय केली. अभंगाला एक वेग, शेवटच्या चरणाला थोडा जास्त, गजराला त्याहून जास्त. चढणीच्या जागी मी तीन पायऱ्या बांधल्या, आणि ही माझी हुशारी मला फार आवडली होती.

बुवांना ते जमलं. ते मोबाइलवरच्या तंबोऱ्याबरोबर रियाज करतात, यंत्राची भीड त्यांना नाही. पखवाजवाले काका जरा अडखळले, पण निभावलं. टाळ मी एकच घ्यायचं ठरवलं, पहिला. दहा टाळ एकत्र वाजले की त्यांचा झणत्कार बुवांच्या शब्दांवर बसतो आणि शब्द पुसले जातात. "आण्णा, तुमचा एकटाच टाळ राहणार," मी म्हणालो, तेव्हा ते लाजल्यासारखे हसले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते महाप्याला आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, टाळ फडक्यात बांधलेला. बंद खोलीत स्टुलावर बसले. हेडफोन लावल्यावर त्यांनी मान वर केली.

"ह्ये काय टकटकतंय?"

"क्लिक आहे, आण्णा. त्याच्यावर वाजवायचं."

"आन् त्ये पुढं कवा जातंय?"

"ते आपलं आपण जात नाही. मी सांगितलंय तिथंच जातं."

त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

पहिल्याच अभंगाला ते टकटकीच्या पुढे गेले. मी थांबवलं. "आण्णा, पळताय." पुन्हा घेतलं, पुन्हा पुढे. असं अकरा वेळा. एसी चालू असूनही त्यांच्या टोपीची कड ओली झाली होती. पन्नास किलोचं पोतं मानेवर घेऊन ट्रकाला लावलेली फळी चढणारा माणूस दोन वाट्या हातात घेऊन घामाघूम झालेला मी काचेतून बघत होतो, आणि मला त्यांची कीव येत नव्हती. राग येत होता. माझा वेळ जात होता आणि त्यांच्या वयाची मला लाज वाटत होती, हे आता लिहून टाकलेलं बरं.

"माझं चुकतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"थोडं," मी म्हणालो.

बुवांनी आठही अभंगांचं ते कच्चं रेकॉर्डिंग ऐकलं आणि दोन दिवसांनी एकटेच महाप्याला आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "आण्णांचा टाळ आताशा पळतो. वय झालं, इलाज न्हाय. तुझ्या मशिनीत काय होत असंल तर बघ. पर त्यांना बोलू नको. वाईट वाटंल."

मी म्हणालो, "बघतो."

दोन उपाय होते. एक, आण्णांचा एकेक ठोका उचलून जागेवर बसवायचा. आठ अभंगांचे हजारो ठोके, चार-पाच दिवसांचं काम. दुसरा, तयार टाळ लावायचा. आमच्या धंद्यात परदेशी कंपन्यांचे आवाजांचे संग्रह मिळतात. जगातलं प्रत्येक वाद्य त्यात एकेक ठोक्यानं साठवलेलं असतं. त्यातला एक ठोका घ्यायचा आणि टकटकीवर मांडत जायचा. अर्ध्या तासाचं काम. त्या संग्रहात टाळ नव्हता, मंजिरी होती, म्हणजे छोटी झांज, पातळ आवाजाची. मी तिचा सूर खाली ओढून तिचा टाळ केला. दोन्ही वाट्या एकाच सुराच्या, नाद दोरीसारखा सरळ. आण्णांचा टाळ मी बंद केला. पडद्यावर एका चौकोनावर बोट ठेवलं की माणूस बंद होतो, एवढं ते सोपं आहे.

मिक्सिंगमध्ये प्रत्येकाला जागा द्यावी लागते. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, पुढे कोण, मागे कोण. बुवांना मी मधोमध बसवलं, पेटी जरा डावीकडे, पखवाज मागे. आणि तो मंजिरीचा टाळ बुवांच्या उजव्या हाताला ठेवला, समाजमंदिरात आण्णा बसतात अगदी तिथं. जागा आण्णांची, टाळ दुसऱ्याचा. मी मनाशी म्हणालो, त्यांना काय कळणार आहे? कानावर पोट भरणारा मी, मला वाटलं की त्यांना कान नाहीत.

पेनड्राइव्हचा समारंभ रविवारी समाजमंदिरात झाला. दोन मोठे स्पीकर, फुलांचा हार, खुर्च्या. पहिला अभंग सुरू झाला. टाळाचा पहिला ठोका पडला आणि आण्णांनी मान खाली घातली. ती त्यांनी आठ अभंग होईपर्यंत वर केली नाही. सभोवार लोक डोलत होते. "आण्णा, काय टाळ वाजलाय! एक नंबर!" कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. कुणी म्हणालं, "या वयात असा हात म्हंजे चेष्टा न्हाय." ज्यांना माहीत नव्हतं ते मनापासून बोलत होते. बुवांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त तेच बोलत होते. शेवटी त्यांनी आण्णांना पुढे बोलावून शाल-श्रीफळ दिलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, मग मी काय करणार?

घरी आईने विचारलं, "कसं झालं?"

"सत्कार झाला," आण्णा म्हणाले आणि शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. माझ्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

पुढच्या एकादशीला बुवांनी मला मोबाइलवर शूटिंग करायला बोलावलं. आण्णा आपल्या जागेवर बसले होते. अभंग सुरू झाला, ठीक चालला. शेवटचा चरण आला. मी सवयीने वाट बघत होतो, आता चढेल. चढलं नाही. आण्णांचा हात तसाच पडत होता, टक, टक, टक, एकसारखा. बाकीचे टाळकरी त्यांच्या हाताकडे बघत होते, त्यामुळे तेही तसेच. पखवाजवाल्या काकांनी जोर लावून बघितला, पण दहा टाळांपुढे एक पखवाज काय करणार? गजर आला तरी लय जागची हलेना. माणसं "विठ्ठल विठ्ठल" म्हणत होती आणि ते हजेरी दिल्यासारखं ऐकू येत होतं. बुवांच्या कानशिलावर घाम आला.

"आण्णा, वाढवा," ते गाता गाता म्हणाले. त्या मंडळात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आण्णांनी वर बघितलं नाही. गजर तसाच संपला. मग त्यांनी टाळ मांडीवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेनड्राइव्हात असाच हाय, बुवा. शाल त्यालाच घातली न्हवं तुमी?"

मी मोबाइल खाली घेतला. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे, शेवटी नुसती सतरंजी दिसते.

आण्णांनी असं तीन एकादश्या केलं. एकदाही चुकले नाहीत, एकदाही पुढे गेले नाहीत. माझ्या मंजिरीपेक्षा सरळ वाजवत होते. म्हणजे मनात आणलं तर त्यांना तसंही येत होतं. चौथ्या एकादशीला बुवा गोड आवाजात म्हणाले, "आण्णा, तुमी आता भिताडाला टेकून निवांत बसत चला. लई वर्सं सेवा केली." पहिल्या टाळावर दुसरे एक गृहस्थ बसले. मला वाटलं होतं, आता भजन चढणारच नाही, मंडळाची खोड मोडेल. तसं काही झालं नाही. भजन चढलं, आणि चांगलं चढलं. माणसावाचून काही अडत नाही, हे म्हणायला सोपं असतं. आण्णांनी ते भिंतीला टेकून बघितलं. घरी येऊन टाळ खिळ्याला अडकवला आणि नंतर एकादशीला जाणं सोडलं. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या बघतात. बातम्यांतलं त्यांना काही पटत नाही, तरी बघतात.

आई मला म्हणाली, "तू काय क्येलंस, त्ये मला म्हाईत न्हाय. पर कायतरी क्येलंस." मी कामाचं निमित्त सांगून उठलो.

दीड वर्ष गेलं. बुवांना दुसरा भाग काढायचा होता, नव्या पहिल्या टाळासह. मला नको म्हणता आलं नाही. जुन्या भागातली मांडणी उतरवून घ्यावी म्हणून मी महाप्याला पहिल्या अभंगाची फाइल उघडली. बंद करून ठेवलेला आण्णांचा टाळ तिच्यात होताच. आम्ही लोक काही पुसत नाही, नुसतं गप्प करून ठेवतो. मी बाकी सगळे बंद केले आणि त्यांचा एकट्याचा टाळ सुरू केला.

गाळ्यात तो घुमणारा नाद भरला. संथ, जागच्या जागी, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली, कुठे काही पळत नव्हतं. शेवटच्या चरणाच्या थोडं आधी, जिथं भजनात लय चढायला लागते, नेमका तिथं ठोका पुढे सरकू लागला. चार-पाच ठोके पुढे गेला, थबकला आणि मागे आला. मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं. तीच जागा. तिसरं, चौथं, अकराही ऐकली. प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढाच पुढे, आणि मग मागे.

वय झालेल्या माणसाची लय कुठेही ढळते. ही एकाच जागी ढळत होती, कारण ती ढळतच नव्हती. ते गजराची चढण चढायला निघत होते आणि माझी पायरी अजून आलेली नसायची. ते पळत नव्हते, मी त्यांना धरून ठेवलं होतं. एवढं साधं ऐकायला मला दीड वर्ष लागलं, आणि लोक मला कानाचे पैसे देतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोपरखैरण्याला गेलो. आण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवून त्यांचा टाळ लावला. पहिल्या ठोक्यालाच त्यांनी ओळखला.

"ह्यो माझा," ते म्हणाले.

मग ऐकत राहिले. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर पडू लागली. आई आतून येऊन दारात उभी राहिली. चढणीची जागा आली, टाळ पुढे सरकला, बोटंही सरकली. टाळ थबकून मागे आला. बोटं मात्र पुढेच गेली, आणि एकटी पडून थांबली.

"हितं मागं का आलो मी?" आण्णांनी विचारलं.

"कानात टकटक होती ना, आण्णा. ती मी लावली होती. तुमचं बरोबर होतं. ती टकटकच पुढे येत नव्हती."

मी म्हणालो, आपण पुन्हा करू, सगळे एकत्र बसून, टकटक न लावता, समाजमंदिरातच मशीन घेऊन येतो.

"मला वाटलं, माझं वय झालं," ते म्हणाले.

आई आत निघून गेली. आण्णांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि बातम्या लावल्या.